शेताचं चित्र वाचताना: आधी काम बघा, अर्थ नंतर

शेतशिवाराचं चित्र समोर आलं की रसग्रहणाच्या वहीत ठरलेली वाक्यं आपोआप उतरतात. ‘चित्रकाराने निसर्गाचे मनोहारी रूप टिपले आहे. पिवळा रंग समृद्धीचे प्रतीक आहे. क्षितिज अनंताची जाणीव करून देते. बळीराजाच्या कष्टांना हा मानाचा मुजरा आहे.’ यातलं एकही वाक्य खोटं ठरवता येत नाही, कारण ते कुठल्याच एका चित्राबद्दल नसतं. लिहिणाऱ्याने चित्र पुरतं बघायच्या आतच अर्थाकडे उडी मारलेली असते.

चूक बुद्धीची नसते, क्रमाची असते. म्हणून इथे क्रम दिला आहे. नमुन्यासाठी एकच चित्र शेवटपर्यंत धरू: पीटर ब्रूगेल या फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागातल्या, चित्रकाराने १५६५ साली लाकडी फळीवर तैलरंगात केलेलं ‘द हार्वेस्टर्स’, म्हणजे गव्हाची सोंगणी करणारे लोक. ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. जिथे एकट्या ब्रूगेलने भागत नाही तिथे दुसरी दोन-चार चित्रं येतील.

सुरुवातीची तयारी

*प्रत.* व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या चित्रावरून काहीही लिहू नका. मेट्रोपॉलिटनच्या संकेतस्थळावर या चित्राची मोठी प्रत फुकट उतरवून घेता येते. फोनवर नको, लॅपटॉपवर उघडा आणि झूम करा. पुस्तकांत आणि कॅलेंडरवर चित्र पानात बसवायला कडा सर्रास कापतात, आणि या चित्रात कडेलाच बरंच काही घडतंय. चारही कडा शाबूत आहेत याची खात्री करून घ्या.

*रंग.* दोन वेगळ्या ठिकाणच्या प्रती शेजारी ठेवा. एकीत गहू लिंबासारखा पिवळा आणि दुसरीत मधासारखा दिसला, तर रंगाच्या नेमक्या छटेवर कुठलंही विधान उभं करू नका. ‘पिवळा’ एवढंच म्हणा.

*माप.* हे चित्र साधारण ११९ बाय १६२ सेंटिमीटर आहे. घरच्या भिंतीवर मास्किंग टेपने तेवढा चौकोन आखा आणि दोन पावलं मागे उभे राहा. या मापाच्या फळीपुढे माणूस डोकं फिरवत बघतो, पोस्टकार्डासारखं एका नजरेत सगळं घेत नाही. ज्याने हे चित्र मागवलं त्याने ते असंच बघितलं असणार.

*वही.* पानावर तीन रकाने पाडा: दिसतं, कळतं, वाटतं. सगळी पद्धत या तीन रकान्यांवर उभी आहे. झाडाखाली एक माणूस पाय फाकवून उताणा पडलाय, हे दिसतं. तो झोपलाय, हे कळतं. तो कष्टाने पिचलाय, किंवा आळशी आहे, हे वाटतं. बहुतेकांच्या वहीत तिसरा रकाना आधी भरतो आणि पहिला रिकामा राहतो.

> सावधान: चित्राचं नाव, माहितीची पाटी, विकिपीडिया यांतलं काहीही आत्ता वाचायचं नाही. नाव एकदा कळलं की डोळे नावाला साजेसं तेवढंच शोधतात. (या चित्राचं नाव मीच वर सांगून बसलो, पुढच्या वेळी तुमच्यासमोर कुणी नाव घेऊ लागलं तर त्याला थांबवा.)

टप्पा १: कडेने आत या

डोळा आपसूक मधल्या मोठ्या आकाराकडे जातो. इथे तो पेअरच्या झाडाकडे आणि त्याखाली जेवायला बसलेल्या घोळक्याकडे जाईल. त्याला मुद्दाम अडवा. आधी डावी कड वरपासून खालपर्यंत, मग खालची, उजवी, वरची, आणि शेवटी मध्य.

असं फिरलात की वही भराभर भरते. डाव्या बाजूला लांब दांड्याच्या विळ्यांनी उभ्याने गहू कापणारे पुरुष. गव्हाच्या आडोशाला ठेवलेली सुरई. उभ्या पिकातून काढलेल्या वाटेने सुरया घेऊन वर येणारा एक जण. गव्हावरून उडणारे दोन पक्षी. खाली दरीकडे, पेंढ्या घेऊन चाललेल्या बायका. पलीकडच्या रस्त्याला लादलेली गाडी. झाडीत अर्धवट लपलेलं चर्च. एका झाडावरून कुणीतरी फळं पाडतंय. लांब गावच्या हिरवळीवर माणसं खेळतायत. खूप झूम केलं तर कळतं की बांधलेल्या एका पक्ष्यावर ती काठ्या फेकतायत. तळ्यात कुणी पोहतंय. अगदी मागे खाडी, आणि तिच्यात जहाजं.

शेताच्या चित्रात जहाजं! कड सोडून मध्याकडे धावणाऱ्याला ती दिसत नाहीत, आणि मग तो ‘जगापासून तुटलेलं शांत खेडं’ असं बेधडक लिहून मोकळा होतो.

या टप्प्यात फक्त नामं आणि क्रियापदं लिहायची. ‘सुंदर’, ‘विलोभनीय’, ‘रम्य’ असलं विशेषण सुचलं की ते तिसऱ्या रकान्यात टाका आणि पुढे चला.

> तपासा: पहिला रकाना पानभर झाला का? निम्म्यावरच अडलात तर अजून झूम करा. घाई झाली आहे.

टप्पा २: शेतातल्या कामाचा क्रम लावा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, आणि नेमका हाच लोक गाळतात. कलेच्या पुस्तकांत रेषा, पोत, अवकाश यांवर प्रकरणं असतात. गहू कसा कापतात यावर नसतं. शेतीशी संबंध असलेल्या वाचकाला इथे शहरी समीक्षकापेक्षा जास्त दिसू शकतं, पण त्याने आपलं शिवार चित्रावर लादलं नाही तरच.

पाच प्रश्न क्रमाने विचारा.

१. पीक कोणतं आणि महिना कोणता? इथे आपल्याकडचे हमखास फसतात. आपला गहू रब्बीचा. तो फेब्रुवारी-मार्चमध्ये सोंगणीला येतो. त्यामुळे मराठी वाचक या चित्राला ‘होळीच्या सुमाराचं ऊन’ म्हणून बसतो. उत्तर युरोपात शरदात पेरलेला गहू बर्फाखाली हिवाळा काढतो आणि कापणीला येतो तो जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणजे चित्रात भर उन्हाळा आहे. आकाश धुरकट आहे, माणसं सदऱ्यावर आहेत, आणि पाण्याच्या सुरया इकडून तिकडे जातायत.

२. पिकाची उंची. वाटेने येणारा माणूस गव्हात बराचसा बुडालाय. ‘समृद्धी दाखवायला चित्रकाराने अतिशयोक्ती केली’ असं लिहायचा मोह होतो. तसं काही नाही. जुन्या जातींचा गहू उंचच असायचा. आपण बघतो तो बुटका गहू १९६०च्या दशकात बुटक्या जाती आल्यानंतरचा. घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारा, छातीपर्यंत हात नेऊन दाखवतील.

३. अवजार. बसून चालवायचा आखूड विळा आणि उभ्याने दोन्ही हातांनी फिरवायचा लांब दांड्याचा विळा, यांत कामाचा वेग, शरीराची ढब आणि मजुरांची वाटणी हे सगळंच बदलतं. या चित्रात कापणारे पुरुष उभे आहेत. वाकून पेंढ्या बांधणाऱ्या, वाहणाऱ्या बायका आहेत. ही वाटणी पहिल्या रकान्यात टिपून ठेवा, पुढे लागेल.

४. दाणा कुठून कुठे चाललाय? पेन्सिलीने बाण काढा. उभं पीक, कापलेलं पीक, पेंढ्या, पेंढ्या घेऊन उतरणाऱ्या बायका, लादलेली गाडी, गाव. बाण सलग जुळला की लक्षात येतं, चित्रकाराने सोंगणीची अख्खी साखळी एकाच वेळी चालू ठेवली आहे. झाडाखालचा घोळका जेवतोय म्हणजे सगळं शिवार सुट्टीवर आहे असं नाही. डावीकडचे विळे चालूच आहेत. पाळ्या लावून काम चाललंय. ‘दमलेल्या शेतकऱ्यांची दुपारची विश्रांती’ हा ठरलेला मथळा एवढ्याने अर्धा चूक ठरतो.

५. कोण आहे आणि कोण नाही? यासाठी ब्रूगेल जरा बाजूला ठेवू.

फ्रेंच चित्रकार झाँ-फ्रान्स्वा मिलेचं १८५७ सालचं ‘द ग्लीनर्स’ तुम्ही नक्की पाहिलंय. पुढे तीन बायका, दोघी पार वाकलेल्या, तिसरी अर्धवट. शंभरातल्या बहुतेक वह्यांत ‘शेतात राबणाऱ्या शेतकरी स्त्रिया’ असं लिहिलेलं असतं, आणि तिथेच चित्र हातचं जातं. या बायका त्या शेतावर कामाला नाहीत. सोंगणी होऊन गेली आहे, पायाखाली धसकटं आहेत, आणि त्या सरवा वेचतायत. मजुरांच्या हातून गळालेल्या ओंब्या वेचून न्यायची मुभा गावातल्या सगळ्यात गरिबांना असे. खरी सोंगणी त्यांच्या मागे, लांबवर चालली आहे: मोठमोठ्या गंज्या, लादलेली गाडी, माणसांची गर्दी. आणि उजवीकडे दूर घोड्यावर बसलेला एक माणूस, देखरेखीला. पुढच्या मुठीत चार ओंब्या आणि मागे डोंगराएवढ्या गंज्या, हे अंतरच त्या चित्राचा विषय आहे. फ्रान्समधल्या १८४८च्या क्रांतीला दहा वर्षंही झाली नव्हती. पॅरिसच्या सलाँमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या कलाप्रदर्शनात, चित्र लागलं तेव्हा काही समीक्षकांना त्या तीन बायकांत पुढच्या उठावाची धमकी दिसली. सरवा म्हणजे काय हे आपल्या आजीला ठाऊक होतं. ते ठाऊक नसलेल्याला हे चित्र ‘श्रमाचं सौंदर्य’ म्हणून विकलं जातं.

कोण नाही, याचं उदाहरण इंग्लंडातलं. थॉमस गेन्सबरोच्या ‘मिस्टर अँड मिसेस अँड्रूज’मध्ये, साधारण १७५० सालच्या, तरुण जमीनदार जोडपं ओकच्या झाडाखाली आहे आणि उजवीकडे कापून उभ्या केलेल्या पेंढ्या. कापणारा माणूस मात्र एकही नाही. मजुराशिवाय पेंढी बांधली जात नाही. म्हणजे त्याला मुद्दाम चित्राबाहेर ठेवलंय. आणखी एक गंमत: पेंढ्यांपुढची धसकटं सरळ तासांत आहेत. पाभरी-तिफणीने पेरणाऱ्या आपल्या माणसाला तास बघून काहीच वाटणार नाही. पण तेव्हाच्या इंग्लंडात बी बहुतेक हाताने फेकून पेरत. ओळीत पेरायचं यंत्र ही नवी चीज होती, आणि ती आपल्या शेतावर आहे हे मालकाला मिरवायचंय. आपल्याला जे रोजचं, ते चित्रातल्या काळात नवलाचं असू शकतं. उलटही खरं.

> तपासा: ‘शेतकरी’ हा शब्द वहीत किती वेळा आला? प्रत्येक ठिकाणी तो खोडून मालक, कूळ, मजूर, सरवा वेचणारी, देखरेख्या यांपैकी नेमकं काय ते लिहा. ठरवता येत नसेल तर ‘माणूस’, ‘बाई’ लिहा. ‘शेतकरी’ लिहिलं की जमीन कुणाची, हा प्रश्न न विचारताच मिटतो.

टप्पा ३: तुम्हाला कुठे उभं केलंय ते शोधा

चित्रकार बघणाऱ्याला एक जागा नेमून देतो. ब्रूगेलने आपल्याला उंचवट्यावर उभं केलंय. पुढची जमीन पायाशी आहे, मग ती एकदम उतरते आणि दरी, गाव, खाडी असं खोल उलगडत जातं. घोळक्याच्या आपण इतके जवळ आहोत की हाक ऐकू जावी, पण आपली दखल घेऊन कुणी थांबलेलं नाही.

मिलेच्या चित्रात क्षितिज कुठे आहे बघा. वाकलेल्या दोघींच्या पाठी त्या रेषेच्या वर जात नाहीत. त्या जमिनीतच अडकून राहतात. ‘क्षितिज अनंताची जाणीव देतं’ म्हणणाऱ्याने या चित्रापुढे जरा उभं राहावं. इथे ती रेषा झाकणासारखी बसली आहे.

या टप्प्यावरचं एक काम हाताने करायचं आहे. कागदाचा तुकडा घ्या आणि चित्रातली एकेक गोष्ट झाका. पेअरचं झाड झाकलं की ब्रूगेलची रचना कोसळते: जवळ आणि लांब यांना बांधणारा खांबच जातो, आणि झाडाखालच्या लोकांना एकत्र बसायला कारण उरत नाही. वाट झाकली की डावीकडचं शेत दरीशी जुळत नाही. ते दोन पक्षी झाकले तर? फारसं काही बिघडत नाही. सोंगणी सुरू झाली की पिकात दडलेले पक्षी उडतातच. शेतात गेलेल्या कुणालाही माहीत आहे. ‘पक्षी म्हणजे मुक्तीची आस’ या विधानाला इतका अशक्त आधार पुरत नाही.

> सावधान: झाकल्यावर चित्र ढळत नाही, त्या गोष्टीवर आपल्या अर्थाचा मुख्य भार टाकू नका. उल्लेख करा, भार टाकू नका.

टप्पा ४: आता पाटी वाचा

इतका वेळ थांबलात, आता बाहेरची माहिती घ्या. पण ती चाळणीने घ्या. चार गोष्टी पुरतात.

*कुणी मागवलं?* अँटवर्प या बंदराच्या शहरातला एक श्रीमंत व्यापारी, निक्लास योंगेलिंक, याने. शहराबाहेर त्याचं घर होतं आणि ब्रूगेलची चित्रं त्याच्या संग्रहात होती. म्हणजे हे चित्र मजुरांसाठी नव्हतं. ज्याच्या हातात विळा कधी आला नसेल अशा माणसाच्या भिंतीसाठी होतं. हे समजलं की ‘चित्रकाराने कष्टकऱ्यांच्या भावनांना वाचा फोडली’ हे वाक्य लिहिताना हात थबकला पाहिजे. खाडीतली जहाजंही आता निराळी दिसतात: धान्य, बंदर आणि पैसा एकाच चौकटीत.

*एकटं आहे की माळेतलं?* हे वर्षाच्या ऋतूंवरच्या माळेतलं आहे. माळ सहा चित्रांची होती असं मानतात. आज पाच उरली आहेत. बर्फातल्या शिकाऱ्यांसह तीन व्हिएन्नात, गवत कापणीचं प्राग येथे, आणि हे न्यूयॉर्कला. ही माहिती सगळ्यात जास्त कामाची. जिथे गहू कापतायत तिथे बर्फ कसं पडतं, हे माळेतल्या दुसऱ्या फळीवर होतं. या चित्रातल्या भरलेपणाचं वजन त्या थंडीशेजारी ठेवूनच करावं लागतं. एकटं बघणाऱ्याला फक्त सुगी दिसते.

*नाव कुणाचं?* जुन्या चित्रांची नावं अनेकदा नंतरच्या लोकांनी दिलेली असतात. इंग्लिश चित्रकार जॉन कॉन्स्टेबलचं ‘द हे वेन’, ओढ्यात उभी असलेली ती गाडी, १८२१ साली प्रदर्शनात लागलं तेव्हा त्याचं नाव ‘लँडस्केप: नून’ होतं, म्हणजे दुपारचा देखावा. आता गाडीवरून नाव पडल्यामुळे सगळे गाडीच बघतात. चित्रकाराने मात्र प्रहर सांगितला होता. तसंच, ‘कॉन्स्टेबल ओढ्याकाठी बसून चितारत होता’ हे लिहू नका. इंग्लंडातल्या सफक परगण्यातल्या त्या जागेची कच्ची चित्रं त्याने केली होती; मोठं चित्र लंडनच्या स्टुडिओत झालं.

*तारीख.* तारखा उलट्या लावण्याची चूक फार होते. ऑगस्ट १५६६ मध्ये नेदरलँड्समध्ये चर्चमधल्या मूर्ती फोडण्याची लाट आली, पुढे स्पेनविरुद्धचं बंड झालं. मग ‘ब्रूगेलच्या चित्रात येणाऱ्या वादळाची चाहूल आहे’ असं लिहायला मजा येते. चित्र १५६५चं आहे. पुढच्या वर्षी काय होणार हे त्याला ठाऊक नव्हतं, आपल्याला आहे. आपलं शहाणपण त्याच्या पदरी बांधू नये.

चित्रकाराच्या आयुष्याबाबत तर जास्तच जपा. व्हॅन गॉगचं ‘कावळे असलेलं गव्हाचं शेत’ जुलै १८९० मधलं. त्याच महिन्याच्या २९ तारखेला तो गेला, म्हणून हे त्याचं शेवटचं चित्र, काळे कावळे म्हणजे मृत्यू, आणि मध्येच संपणारी वाट म्हणजे आत्महत्येची चिठ्ठी, असं पिढ्यान् पिढ्या लिहिलं जातंय. ते त्याचं शेवटचं चित्र नाही. अ‍ॅम्स्टरडॅमचं व्हॅन गॉग म्युझियम आता झाडांच्या मुळांचं चित्र शेवटचं मानतं. आणि त्या दिवसांतल्या पत्रात विस्तीर्ण गव्हाच्या शेतांबद्दल लिहिताना तो दुःख आणि एकटेपणा यांच्या जोडीने, खेड्यातलं जे निरोगी आणि बळ देणारं आहे तेही या चित्रांतून सांगायचंय असं म्हणतो. अर्धंच वाक्य उचललं तर त्याच शेतात फक्त स्मशान दिसतं.

> तपासा: पाटी वाचल्यावर वहीतली किती वाक्यं बदलली? एकही नाही, तर पाटी नुसती चाळलीत. सगळीच बदलली, तर आधीचं बघणं कच्चं होतं; टप्पा १ पुन्हा.

टप्पा ५: अर्थाला साक्षीदार लावा

आता तिसरा रकाना उघडा. नियम सोपा: अर्थाच्या प्रत्येक विधानाला चित्रातले किमान दोन साक्षीदार हवेत, आणि विरुद्ध साक्ष देणारी एखादी गोष्ट असेल तर तिला उत्तर हवं. ब्रूगेलच्या चित्रावर नेहमी होणारे तीन दावे या नियमाने तपासू.

‘मजुरांच्या शोषणाचं चित्र.’ साक्षीदार? उताणा पडलेला माणूस, आणि उन्हात चाललेलं काम. विरुद्ध बाजूला पाव आहे, वाडगे आहेत, सुरया आहेत, पोहणारे आणि खेळणारे लोक आहेत; देखरेख करणारा घोडेस्वार कुठेच नाही. दावा टिकत नाही. मिलेच्या चित्रात तो टिकतो, कारण तिथे घोडेस्वार, गंज्या आणि चार ओंब्या तिघंही साक्षीला उभे आहेत. दोन्ही चित्रांत गहू आहे म्हणून अर्थ एक होत नाही.

‘गावंढळ माणसांची थट्टा.’ हा दावा इतका सहज फेटाळता येत नाही. झोपलेल्याची ऐसपैस पसरण्याची ढब, भरल्या तोंडाने चाललेलं खाणं, हे बघून योंगेलिंकचे पाहुणे हसले असतील. पण त्याच चित्रात कापणाऱ्यांची ढब नेमकी आहे. विळ्याला लागणारं अंगाचं वळण बघितल्याशिवाय ते असं रंगवता येत नाही. ज्याची नुसती थट्टा करायची त्याचं काम इतकं बारकाईने कुणी बघत नाही. मी हा दावा अर्धा ठेवतो: हसू आहे, तुच्छता नाही.

‘वर्षाच्या फेऱ्यातला एक काळ, ज्यात काम, जेवण, झोप आणि खेळ एकाच शिवारात शेजारी चालतात.’ साक्षीदार भरपूर: सलग जुळलेला कामाचा बाण, पाळीने बसलेला घोळका, दूरची हिरवळ, आणि पाटीतून कळलेली माळ. विरुद्ध साक्ष? बांधलेल्या पक्ष्यावर काठ्या मारणारे लोक. तो खेळ आपल्याला क्रूर वाटतो आणि ‘सुखी सुगी’ला खट्टू करतो. त्याला लपवू नका. तो दाव्यात घ्या: चित्रकाराने गावाला गोडवा लावलेला नाही.

प्रतीकांबद्दल एकच सांगतो. चर्च दिसलं की श्रद्धा, वाट दिसली की आयुष्याचा प्रवास, वाळकं पान दिसलं की मृत्यू, अशी किल्ल्यांची जुडी घेऊन चित्रापुढे जाऊ नका. इथलं चर्च झाडीत अर्धं गडप आहे. त्याला प्रतीक म्हणायचंच असेल तर ते असं लपलेलं का, हे आधी सांगावं लागेल.

टप्पा ६: लिहा

लिहिताना क्रम उलटा करतात तेही चुकीचंच. अर्थ पहिल्या वाक्यात, पुरावा तळटीपेसारखा शेवटी, असं नको. वाचणाऱ्यालाही ज्या क्रमाने दिसलं त्या क्रमाने दिसू दे: काम, जागा, माहिती, आणि मग निष्कर्ष. एक नमुना, जरा काटकसरीने:

*‘डावीकडे पुरुष उभ्याने गहू कापतायत, उजवीकडे बायका वाकून पेंढ्या बांधतायत, आणि मधल्या झाडाखाली एक पाळी जेवायला बसली आहे, तिच्यातला एक जण आडवा पडून गाढ झोपलाय. काम कुठेच थांबलेलं नाही. पेंढ्या वाटेने उतरतात, गाडीत चढतात, गावाकडे जातात, आणि गावापलीकडे खाडीत जहाजं उभी आहेत. आपण हे सगळं उंचवट्यावरून बघतो, जसं अँटवर्पच्या त्या व्यापाऱ्याने आपल्या भिंतीवर बघितलं असेल, शेजारीच बर्फातल्या शिकाऱ्यांची फळी लावून. म्हणून ही नुसती भरल्या शेताची खुशी वाटत नाही. हिवाळा येण्याआधी उरकायच्या कामाचा हा एक दिवस आहे, आणि त्या दिवसात झोपेलाही जागा आहे.’*

यात एकही प्रतीक नाही, ‘सुंदर’ नाही, ‘बळीराजा’ नाही. तरी अर्थ आहे, आणि प्रत्येक वाक्याकडे बोट दाखवून ‘कुठे दिसलं?’ असं कुणी विचारलं तर उत्तर देता येतं. बर्फाच्या फळीची नेमकी जागा मला ठाऊक नाही, म्हणून ‘असेल’ म्हटलंय. अंदाजाचं वाक्य अंदाजासारखंच लिहा.

परीक्षेसाठी लिहीत असाल तर रंगसंगती, तोल, पोत यांचे रकाने भरावेच लागतात. भरा. पण प्रत्येक शेऱ्यापुढे ‘त्यामुळे’ लावून बघा. ‘गव्हाचा पिवळा पट्टा चित्राचा मोठा भाग व्यापतो, त्यामुळे अजून किती कापायचं राहिलंय ते लगेच दिसतं’ हे जमलं. ‘उबदार रंगसंगती वापरली आहे, त्यामुळे…’ इथे पुढे काही सुचत नसेल, तर तो शेरा गुणांपुरता ठेवा आणि आपल्या निष्कर्षात आणू नका.

शेवटी पहिल्या रकान्यात काही नोंदी उरतील ज्यांचं काय करायचं ते कळणार नाही. माझ्या वहीत फळं पाडणारा तो माणूस अजून तसाच आहे. त्याला ओढूनताणून अर्थात बसवायचा तर बायबलमधल्या ईडनच्या बागेपर्यंत जावं लागेल, आणि तेवढा पुरावा चित्रात नाही. अशा नोंदी खोडू नका. तारीख टाकून ठेवा आणि त्याच माळेतलं दुसरं चित्र, गवत कापणीचं, उघडून टप्पा १ पासून सुरू करा.